दोन पायऱ्या वर

मी एक जुना दगडी खांब आहे, आणि आजकाल लोक मला खोटारडा म्हणतात. मित्रांनो, ही शिवी मला फार झोंबली, म्हणून तुम्हाला माझी हकीकत सांगायला बसलो आहे. बसलो कसला, आडवा पडलो आहे. पाटबंधारे कार्यालयाच्या मागच्या आवारात, मोडक्या खुर्च्या आणि गंजलेली पिंपं यांच्या शेजारी मला टाकून दिलं आहे. उभा असतो तर तुमच्याशी जरा गोडीनं बोललो असतो. आज ते जमणार नाही.

नदीचं पाणी किती चढलं हे सांगणं एवढंच माझं काम होतं. एका पाथरवटानं मला काळ्या खडकातून काढलं आणि माझ्या अंगावर फुटाफुटावर बारा रेघा कोरल्या. त्याची बायको दोरी धरून समोर बसायची. पाचवी रेघ केसभर वर गेली, तेव्हा तिनं नवऱ्याला छिन्नी खाली ठेवायला लावली आणि माझा तेवढा भाग पुन्हा घासून घेतला. नवरा कुरकुरला, की एवढ्यानं काय बिघडतंय, नदीला थोडंच कळणार आहे. ती म्हणाली, "नदीला नाही कळलं तरी चालेल. माणसं याच्या भरवशावर जगणार आहेत. नीट कोर." नववी रेघ तिनं स्वतः लाल रंगवली. त्या बाईचा चेहरा मला अजून आठवतो. पुढं मला जी माणसं भेटली, त्यांच्यात तिच्यासारखी फार थोडी निघाली.

घाटाच्या अगदी खालच्या पायरीवर खाच पाडून मला उभं केलं. पहिल्या रेघेपासून बाराव्या रेघेपर्यंत मी जे सांगेन ते खरं, असं तेव्हा ठरलं.

मित्रांनो, पाणी किती चढलं यावर केवढा संसार चालतो, हे तुम्हाला सांगितल्याशिवाय माझा राग तुम्हाला कळणार नाही. पाणी दोनच्या खाली गेलं की काठचा गाळ उघडा पडायचा. कुंभार तो टोपल्यांनी उचलून न्यायचे आणि मळेवाले उरलेल्या ओलीत काकड्या लावायचे. तीनला मासे प्रवाहाच्या उलटे वर चढायचे, त्यामागून बगळे यायचे, आणि एक खंड्या माझ्या डोक्यावर बसून नेम धरायचा. चारला लव्हाळ्यातली पाणकोंबडी पिल्लांना घेऊन वरच्या झुडपात जायची. सहाला नावाडी नाव काठावर ओढायचा. नदीचं पाणी हाच सगळ्यांचा मालक होता, आणि त्या मालकाचा मूड काय आहे ते सांगायला मी होतो.

माझ्या समोरच रंगाऱ्यांची आळी. सूत रंगवणाऱ्यांची वीस-बावीस घरं, प्रत्येक दारात रंगाचे हंडे, आणि दोऱ्यांवर वाळत घातलेल्या लाल, पिवळ्या, निळ्या लडी. रंगाऱ्याला पाणी लागतं, म्हणून ती माणसं पाण्याच्या इतकी जवळ राहिली होती. पण आळी बशीसारखी खोलगट होती. पाणी साडेनऊला पोचलं की मागच्या नाल्यातून शिरून आळीचं तोंड बंद करायचं, आणि मग आतल्या माणसाला बाहेर पडता यायचं नाही. म्हणून आळीत एक म्हण होती: सातला हंडे उचलायचे, नऊला स्वतःला उचलायचं. तिथलं पोर बोलायला लागलं की आधी ही म्हण शिकायचं.

माझी निगा पाणीकाका ठेवायचे. त्यांचं नाव वेगळं होतं, पण सकाळ-संध्याकाळ माझ्यापाशी येऊन पाणी वाचायचं आणि वहीत लिहायचं हेच त्यांचं आयुष्य, म्हणून सगळे त्यांना पाणीकाका म्हणत. तारेच्या ब्रशनं ते माझं शेवाळ काढायचे. पावसाळ्यात एकदा तरी ते आणखी एक काम करायचे, आणि ते नीट लक्षात ठेवा. घाटाच्या जुन्या भिंतीत नावाड्याची एक लोखंडी कडी होती. मी सात दाखवेन तेव्हा ती कडी नेमकी पाण्याखाली जायची. पाणीकाका लेकीला हाताला धरून ते दाखवायचे आणि म्हणायचे, "खांब शहाणा आहे. पण शहाण्याच्याही बोलण्याला एक साक्षीदार असावा. कडी बुडाली की सात. वर्षातून एकदा बघायचं."

पाणीकाका गेले आणि लेक त्यांच्या जागी आली. तिला सगळे पाणीताई म्हणू लागले. बापाचा ब्रश, बापाची छत्री आणि बापाचा हट्ट, तिन्ही तिनं घेतले. आळीतला सगळ्यात जुना रंगारी तिचा सख्खा मामा. कोपरापर्यंत निळे झालेले हात, तोंडात सतत थट्टा, आणि भाचीवर भारी जीव. तो दारात बसून माझ्याकडे बघायचा आणि भाचीच्या आधी आकडा ओरडून सांगायचा. "वाचलं मी, तू घरी जा आता," म्हणायचा. ती हसायची, तरी खाली येऊन स्वतः वाचायची.

मग कुणाच्या तरी मनात आलं की नदीकाठ सुंदर करायचा.

सुंदर करायला माझी हरकत नव्हती. कठडे आले, बाक आले, दिवे आले. खालच्या दोन पायऱ्या फुटल्या होत्या, त्या दुरुस्त करण्याऐवजी त्यांच्यावर मोठे दगड टाकून दिले. मी मध्ये येत होतो, म्हणून मला उपटलं, धुतलं, पॉलिश केलं आणि दोन पायऱ्या वर नव्या चौथऱ्यावर उभं केलं. मुकादम तसा विचारी माणूस होता. त्यानं अभियंता साहेबांना विचारलं, "साहेब, हा दोन फूट वर गेला. चालेल ना?"

"अहो, खांब तोच, आकडे तेच," साहेब म्हणाले. "पाणी काय पळून जातंय?"

या एका वाक्यानं माझं आयुष्य नासलं. माझा पाय दोन फूट वर गेला, म्हणजे माझा प्रत्येक आकडा दोन फुटांनी खोटा झाला. शाळेतल्या पोरालाही कळेल असा हिशोब. आळीतल्या सगळ्यांनी मला उचलताना पाहिलं होतं. पण पाहणं वेगळं आणि मोजणं वेगळं. मी चकाचक दिसत होतो, तेवढ्यावरच सगळे खूश झाले. मला तोंड असतं तर त्या दिवशी मी ओरडून घाट डोक्यावर घेतला असता.

पुढच्या पावसाळ्यात पाणीताईनं बापाचा नेम पाळला. ती कडीकडे गेली. कडी बुडाली होती, आणि मी पाच म्हणत होतो. ती कितीतरी वेळ एकदा कडीकडे, एकदा माझ्याकडे बघत उभी राहिली. मग तिनं टेप आणून पायऱ्या मोजल्या, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवसापासून ती वहीत दोन आकडे लिहू लागली, एक खांबाचा आणि एक पाण्याचा.

कार्यालयानं वही परत पाठवली. रकाना एकच आहे, आकडाही एकच लिहावा, असा शेरा होता. तिनं अर्ज केला. उत्तर नाही. दुसरा केला, तिसरा केला. अखेर प्रत्यक्ष पाहणीला माणसं आली ती भर उन्हाळ्यात, नदी कुठल्या कुठं दूर गेलेली असताना. साहेबांनी ओळंबा लावून मला तपासलं. मी अगदी सरळ निघालो. "उत्तम उभा आहे," ते म्हणाले आणि सरबत पिऊन गेले. मी सरळ उभा आहे की नाही हा प्रश्नच नव्हता. मी कुठं उभा आहे हा प्रश्न होता, आणि तो ऐकायला त्यांना कान नव्हते.

तेव्हा पाणीताईनं लाल रंगाचा डबा आणला आणि माझ्या सातव्या रेघेवर नवी लाल रेघ ओढली. माझ्या अंगावर इतका खरा रंग त्या पाथरवटाच्या बायकोनंतर कुणी लावला नव्हता. आठ दिवसांत कार्यालयानं माणूस पाठवून ती घासून काढली आणि ताईला नोटीस दिली, सरकारी मालमत्ता विद्रूप केल्याबद्दल.

आळीनं तरी तिचं ऐकावं की नाही? मामाच हसला. तो म्हणाला की घाटाचं काम करताना जुनी भिंत खचली असेल, म्हणून कडी लवकर बुडते. कडी कुणा नावाड्यानं ठोकलेली, आणि खांब आखून-रेखून केलेला, मग विश्वास कुणावर ठेवायचा? "तुझ्या बापानं जन्मभर या खांबाची शपथ घेतली," तो म्हणाला, "आणि तू त्यालाच खोटा म्हणतेस?" ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं वाद घालायचं सोडलं नाही, पण मामापुढं तिचा आवाज चढत नसे.

मित्रांनो, माणसं माझ्यावर विश्वास ठेवायची याचा मला फार अभिमान वाटायचा. आता त्या विश्वासाचीच मला चीड येऊ लागली. पोरं दारात उभी राहून माझे आकडे मोठ्यानं म्हणायची आणि त्यांना शाबासकी मिळायची. ती खोटं पाठ करत होती.

आणि तो दिवस आला. तीन दिवस वर डोंगरात पाऊस कोसळत होता. सकाळी मी सहा म्हणत होतो. माझ्या चौथऱ्याच्या फटीतल्या मुंग्या पांढरी अंडी तोंडात धरून रांगेनं कठड्यावर चढल्या आणि तिथून वरच्या झाडावर गेल्या. खेकडे बिळं सोडून रस्त्यावर आले. त्यांच्यापैकी कुणालाही आकडे येत नव्हते, म्हणून ते फसले नाहीत. दुपारी मी सात म्हणालो. खरं पाणी नऊ होतं.

घाटाच्या वरच्या खोपटात हातानं फिरवायचा भोंगा होता. नऊ झाल्याशिवाय कुणी तो वाजवू नये म्हणून त्याच्या दांड्याला तारेनं बांधून शिसाची मोहर लावलेली होती. पाणीताईनं आधी फोन केला. खोपटाचं दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"खांबावर सात आहे. पाणी नऊ आहे," ती म्हणाली.

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ती पुन्हा तेच म्हणाली. पलीकडचा आवाज इतका चढला की मलाही ऐकू आला, "बाई, मला एकच आकडा द्या."

तिनं फोन ठेवला, पक्कडीनं मोहर तोडली आणि भोंगा फिरवला.

आळी बाहेर आली. सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. सात. कुणी हसलं, कुणी चिडलं, कुणी म्हणालं की पोरीचं डोकं फिरलं आहे, सातला हंडे उचलायचे एवढं तिला माहीत नाही का. ताई धावत खाली आली आणि घराघरात शिरून हात धरून माणसं बाहेर काढू लागली. मामी पहिली निघाली. दोन नाती काखोटीला मारून ती शेजारणींवर खेकसली, "अगं चला. खोटं ठरलं तर संध्याकाळी परत येऊ आणि हिच्या नावानं शंख करू. पाय मोडणार आहेत का तुमचे?" बायकांना हे पटलं. तासाभरात जवळजवळ सगळी आळी वरच्या शाळेत गेली, शिव्या देत का होईना.

मामा गेला नाही. त्याच्या दोन हंड्यांत निळीचा रंग मुरत होता. महिनाभर राखलेला, रोज ढवळलेला, अगदी काढणीला आलेला. तो हंडे माळ्यावर चढवत होता. ताई दारात उभी राहून हात जोडत होती.

"मामा, ऐका माझं. आत्ता निघा."

"अगं, सात तर झालेत. म्हणजे हंड्यांची वेळ. माझी वेळ व्हायला दोन फूट आहेत," तो म्हणाला. "पलीकडं लंगडा विणकर एकटा आहे, त्याला ने आधी. मी आलोच मागून."

विणकराला खरंच उचलून न्यावं लागणार होतं. ती गेली. तिनं जायला नको होतं असं मी म्हणणार नाही. तो माणूस आज जिवंत आहे.

मामा एक हंडा चढवून दारात आला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सव्वासात म्हणालो. तो आत गेला. परत आला, पाहिलं. मी साडेसात म्हणालो. तेव्हा मागचा नाला भरून आळीच्या तोंडाशी पाणी आलं होतं, पण ते त्याच्या दारातून दिसत नव्हतं. दारातून फक्त मी दिसत होतो. दुसरा हंडा जड होता. तिसऱ्या वेळी तो बाहेर आला तेव्हा त्याच्या पायांशी पाणी होतं, आणि तरी त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं. मी पावणेआठ म्हणालो. पायाखालच्या पाण्यापेक्षा माझ्यावर त्याचा जास्त विश्वास होता. त्यानं कपाळावर हात धरून पुन्हा नीट वाचलं, मान हलवली, आणि रंगाचा झारा शोधायला आत वळला.

मला वाहून जायचं होतं. मला मोडून पडायचं होतं. मी कोरल्यासारखा उभा राहिलो आणि पावणेआठ म्हणत राहिलो.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर मामा आळीच्या तोंडाशी सापडला. त्याचे हात कोपरापर्यंत निळेच होते. माळ्यावरचे दोन्ही हंडे शाबूत होते.

मग वरातीमागून घोडं तसे चौकशीवाले आले. अहवाल मी ऐकला आहे, कारण तो माझ्यासमोर उभं राहूनच वाचला गेला. खांब जुना, झिजलेला, भरवशाचा नाही. मोजणी करणाऱ्या बाईनं परवानगीशिवाय मोहर तोडून घबराट पसरवली. पुढच्याच ओळीत, सदर बाईनं रहिवाशांना वेळेवर सावध केलं नाही. या दोन ओळी एकाच कागदावर, एकाच सहीखाली होत्या, आणि वाचणाऱ्याला हसूही आलं नाही. ताईला कामावरून काढलं. मला उपटून इथं आणून टाकलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. दोन पायऱ्यांबद्दल अहवालात एक अक्षर नव्हतं.

माझ्या जागी आता यंत्र आहे. पत्र्याचा उंच खांब, वर काचेचा डोळा, आणि हिरव्या दिव्यांचे आकडे. ते कुठं बसवलं असेल? माझ्याच चौथऱ्यावर. तयार चौथरा आहे, नवा कशाला बांधायचा, असं साहेब म्हणाले. उद्घाटनाला ताई गर्दीतून पुढं आली आणि तिनं एवढंच विचारलं की याचा पाय कुठून मोजलात. तिला उत्तर मिळालं, "बाई, हे यंत्र आहे. हे चुकत नाही." टाळ्या वाजल्या. हे सगळं मला ताईनंच सांगितलं. ती कधी कधी इथं येते, बापाचा ब्रश घेऊन. आडव्या खांबाचं शेवाळ काढायची गरज नसते, तरी काढते.

परवा तिनं माझ्या लाल रेघेवर हात ठेवला आणि म्हणाली, "तू खोटं बोलला नाहीस रे. तुला बोलायला लावलं." तिचं मन मोठं आहे. पण मित्रांनो, मला ते पटत नाही. कुणी लावलं ते मी विसरणार नाही आणि त्यांना माफही करणार नाही. तरी मामानं तीनदा माझ्याकडे पाहिलं होतं, आणि तिन्ही वेळा मी त्याला थांब म्हणालो होतो.

आळीत एक गोष्ट मात्र बदलली, तीही मामीनं बदलली. माळ्यावरून उतरवलेल्या त्या निळीनं तिनं प्रत्येक दारावर, पाणी जिथवर चढलं होतं तिथं, एक निळी रेघ ओढली. आणि पावसाळ्यात रोज सकाळी आळीतली एक बाई घाटावर जाऊन कडी बघून येते. म्हणही बदलली आहे. कडी बुडाली की हंडे उचलायचे, मग खांब काहीही म्हणो.

माझ्यासारख्यांची आत्मवृत्तं शेवटी निगा राखा, जपा, विसरू नका असं सांगतात. मला जपू नका. मला रंग नको, हार नको, परत उभंही करू नका. ज्या आकड्यावर तुमचा आणि तुमच्या माणसांचा जीव आहे, त्याचा पाय कुठं टेकला आहे ते वर्षातून एकदा स्वतः जाऊन बघा. कुणी एकच आकडा मागितला, तर खरा द्या. आणि पाणी पायाला लागलं, तर खांबाकडे बघू नका.

आज सकाळपासून डोंगराकडे काळोखून आलं आहे. या आवारावर कार्यालयाची एक खिडकी उघडते. आत्ताच आतला कारकून फोनवर कुणाला तरी निवांतपणे सांगत होता की काळजीचं कारण नाही, यंत्र पाच दाखवतंय.

पाच. मित्रांनो, मी इथून हलू शकत नाही. तुम्ही पळत जा आणि कडी बघा.